चार्ज दिला, चार्ज घेतला

"झालंय माझं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

रात्रीच्या सिस्टर इन्सुलिनची सिरिंज घेऊन कॉटपाशी उभ्या होत्या. साडेआठ वाजून गेले होते. वॉर्डाची अर्धी बाजू त्यांना अजून करायची होती, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"बाबा, ये रात का है."

"रात का भी हो गया."

"फाईल में नहीं है, बाबा."

मग मी तोंड उघडलं. "अण्णा, घ्या ना हो. त्यांच्याकडे लिहिलेलं असतं सगळं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. सकाळपासून मी त्यांच्याजवळ होते खरी, पण संध्याकाळचा पाऊण तास खाली औषधांच्या काउंटरवर रांगेत गेला होता. त्या पाऊण तासाचा साक्षीदार एकच होता, आणि त्यालाच मी गप्प करत होते.

अण्णा बधले नाहीत. "आधीच्या बाईंना फोन लावा. चार्ज देताना त्यांनी काय सांगितलं ते विचारा."

सिस्टर तणतणत गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा हातात सिरिंज नव्हती. "सॉरी बाबा. दिया था." झालं असं होतं की जेवणाची ट्रॉली त्या दिवशी लवकर आली. संध्याकाळच्या सिस्टरनी शुगर बघितली, सात वीसला आठ युनिट दिलं, आणि ते फाईलवर चढवायच्या आत पलीकडच्या कॉटवरच्या माणसाला दम लागला. सगळ्या तिकडे धावल्या. आठ वाजता काउंटरवर ड्यूटी-बदलीचा ओव्हर देताना फाईलमध्ये जे दिसलं ते वाचलं गेलं: इन्सुलिन बाकी. फोन लागला तेव्हा त्या ठाणे स्टेशनच्या पुलावर होत्या.

अण्णांनी त्या रात्री अर्धी पोळी खाऊन ताट सरकवलं होतं. त्यावर दुप्पट इन्सुलिन. पहाटे दोनला शुगर कुठे गेली असती याचा हिशोब मी करत बसले, आणि अण्णा घोरायला लागले.

ही ठाण्यातली गोष्ट. अण्णा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटल चांगलं होतं, सर्जन उत्तम. दोन्ही सिस्टरांवर माझा राग नाही. रात्रीच्या सिस्टरकडे त्या दिवशी अकरा कॉट होत्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्या वॉर्डात तो भिंतीवर कुठे लावलेला नव्हता, ते एक बरं.

अण्णा मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते. कर्जत आणि कसारा, दोन्ही बाजूंची स्टेशनं त्यांनी केली. (ठाण्याला पहिली गाडी आली ती १६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाणेकर रेल्वेवाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेआधी सांगतो. आमच्याकडे दरवर्षी त्या दिवशी गोड होतं.) त्यामुळे "चार्ज" हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा. ड्यूटी संपली म्हणून उठून घरी यायचं, असं नसतं. कुठल्या लाइनीवर काय उभं आहे, कुठला सिग्नल दगा देतोय, कुठल्या सेक्शनमध्ये कॉशन, म्हणजे गाडी हळू न्यायची सूचना आहे, हे सगळं स्टेशन डायरीत उतरवायचं. जाणारा सही करतो: चार्ज दिला. येणारा सही करतो: चार्ज घेतला. आणि येणारा शहाणा असेल तर सही करण्याआधी बाहेर जाऊन डोळ्यांनी बघून येतो, गाडी खरंच तिथे उभी आहे का.

दुसरी एक गोष्ट ते आम्हाला लहानपणी सांगायचे, प्रायव्हेट नंबरची. फाटकवाल्याला फोनवर सांगायचं, गाडी येतेय, फाटक बंद कर. त्याने फाटक लावलं की नुसतं "हो साहेब" म्हटलेलं चालत नाही. त्याच्याकडे आकड्यांचा एक छापील कागद असतो, आकडे मुद्दाम वेडेवाकडे, त्यातला पुढचा आकडा त्याने सांगायचा आणि खोडायचा. मास्तरने तो वहीत लिहायचा. "हो साहेब माणूस झोपेतसुद्धा म्हणतो," अण्णा म्हणायचे, "आकडा सांगायला जागं असावं लागतं."

तर असा माणूस बारा दिवस पाठीवर पडून हॉस्पिटलातली ड्यूटी-बदली बघत होता. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. सिस्टर लोक त्याला "ओव्हर" म्हणतात. ओव्हर दिला, ओव्हर घेतला, ओव्हर झाल्याशिवाय निघता येत नाही. आमच्या वॉर्डात ओव्हर व्हायचा काउंटरवर, म्हणजे त्यांच्या भाषेत नर्सिंग स्टेशनवर. हा शब्द कळल्यावर अण्णांना पहिल्या दिवशी फार आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "स्टेशन आहे, वही आहे, चार्जही देतात. पण गाडी बघायला कोणी फलाटावर येत नाही."

आठ वाजले की त्यांचे कान टवकारायचे. काउंटर चौथ्या कॉटपासून दूर नव्हता. कानावर यायचं ते तुटक: बेड फोर, हिप, पोस्ट-ऑप डे थ्री, डायबेटिक, पेन प्लस, मोशन नॉट पास्ड. मध्येच मल्याळम, मध्येच हिंदी, मग कुणीतरी हसायचं. ते हसणं बहुधा डब्याबद्दल असेल. पण पाठीवर पडलेल्या माणसाला ते आपल्याबद्दलच वाटतं, आणि त्यातही मोशन नॉट पास्डच्या लगेच नंतर.

आपल्या ठाण्यापर्यंत गाडी धावून सहा वर्षं झाली होती, तेव्हा, १८५९ साली, फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं नर्सिंगवरचं छोटं पुस्तक निघालं. त्यांनी दोन गोष्टी फार कडक शब्दांत लिहून ठेवल्या आहेत. एक म्हणजे आजाऱ्याच्या खोलीत कुजबुजणं हा निव्वळ क्रूरपणा आहे, कारण त्याचा जीव ते ऐकण्यासाठी ताणला जातो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: तुम्ही असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावता आली नाही, तर तुमची बाकीची सगळी चांगली शुश्रूषा पाण्यात. त्या काळी ओव्हर हा शब्द नसेल, पण बाई बोलत होत्या त्यावरच.

मग पुढे दीडशे वर्षं वह्या, फाइली, कॉम्प्युटर सुधारत गेले. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवर निरोप सांगण्याची एक ठरीव रीत होती: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, माझा अंदाज काय, आणि तुम्ही काय करावं असं मला वाटतं. ती रीत तिथल्या रुग्णालयांनी उचलली, आज जगभर नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. अण्णांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "पाणबुडीवाल्यांना बरंच उशिरा सुचलं." २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय काढले, त्यात एक ओव्हरचा होता, आणि रुग्णाला आणि घरच्यांनाही त्यात धरा असं त्यात सुचवलं होतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने तर रुग्णालयांसाठी आख्खी मार्गदर्शिका काढली: ओव्हर कॉटपाशी द्या, दोघींनी मिळून द्या, रुग्णाला बोलू द्या.

वाचायला सगळं छान. पण या विषयावर मी जितकं वाचलं त्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो २०१४ चा, वैद्यकीय अभ्यास पारखून घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा. नर्सिंगच्या ओव्हरची कुठली पद्धत जास्त चांगली हे शोधायला ते बसले, जगभरचे अभ्यास चाळले, आणि त्यांच्या कडक निकषात एकही बसला नाही. एकही. म्हणजे कॉटपाशी ओव्हर दिल्याने इतके जीव वाचतात असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा दमानं घ्यावं. माझ्याकडे आहे तो पुरावा आठ युनिटांचा. तोही एका हट्टी म्हाताऱ्यामुळे मिळालेला.

दोन वर्षांनी अण्णा पुन्हा ॲडमिट झाले. या वेळी नवी मुंबईत, भावाच्या घराजवळ. खोकला जात नव्हता, वजन उतरत होतं. ठाण्याहून मी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येऊन-जाऊन करायची. सकाळी सातच्या गाडीत गळ्यात आयकार्ड असलेल्या चार-पाच सिस्टर हमखास असायच्या, ऐरोलीला, घणसोलीला चढायच्या. आपण ज्यांना आठ वाजता फ्रेश बघतो त्या साडेपाचला डबा भरून निघालेल्या असतात.

पहिल्याच सकाळी आठच्या सुमाराला दोन सिस्टर कॉटपाशी आल्या. मला वाटलं काहीतरी झालं. माणसं जोडीने आली की हॉस्पिटलात पोटात गोळाच येतो.

"बाबा, मी आता निघते," रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या. त्या सांगलीकडच्या होत्या, बोलण्यात हेल होता. "आता दोनपर्यंत ह्या सिस्टर हायत तुमच्याजवळ." मग दुसरीने नाव विचारलं, मनगटावरचा पट्टा वाचला, सलाईनची सुई टोचलेली जागा हाताने दाबून बघितली, कुशीवर वळवून पाठ बघितली, बेलचं बटण उशाखाली गेलं होतं ते हातापाशी आणून ठेवलं. पहिली सांगत होती आणि दुसरी फक्त ऐकत नव्हती, बघत होती. रात्री ताप किती, किती वाजता, काय दिलं, आज दहाला सीटी, तोवर उपाशी. शेवटी, "बाबा, माझं काय चुकलं? काय राहिलं सांगायचं?"

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या रिटायरमेंटनंतर बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पावणेआठला चष्मा लावून तयार. भावाकडून एक खिशातली डायरी मागवली. "सलाईन दोन चाळीसला संपलं, तीन वीसला बदललं." सिस्टर हसल्या, पण त्यांनी ते लिहिलं. एका सकाळी म्हणाले, "डावी पोटरी भरून आल्यासारखी वाटते." सांगलीच्या सिस्टर क्षणभर थांबल्या, दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपून बघितल्या, डॉक्टरांना कळवलं. रक्ताची गुठळी आहे का बघायला डॉपलर झाला. काहीच निघालं नाही. बिलात एक ओळ वाढली, इतकंच. तरी मला ते आवडलं, कारण "भरून आली" हे शब्द वॉर्डात जसेच्या तसे पोचले.

या शब्दांचं मला फार वाटतं. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द! ठणकतं ते वेगळं, ठसठसतं ते वेगळं. सणक येते, कळ येते, चमक भरते, उसण भरते, मुंग्या येतात, आग होते, चरचरतं, शिवशिवतं, नुसतं जड वाटतं. आजीला विचारलं असतं तर तिने ठणक्यावरूनच आत पू झालाय का ते सांगितलं असतं. आणि ओव्हरमध्ये याचं काय होतं? पेन प्लस. फार तर, दहापैकी सहा. ठाण्याच्या हॉस्पिटलात अण्णा तीन दिवस "मांडीत सणक जाते" म्हणत होते. हिंदीत सणक म्हणजे डोकं फिरणं. काय समजलं असेल त्या बिचाऱ्या केरळच्या मुलीला, देव जाणे. तिचा दोष शून्य. घरापासून हजारावर किलोमीटर लांब, आधीच तीन भाषांत नोकरी करते ती. पण कॉटपाशी उभं राहिलं की माणूस निदान हात लावून दाखवतो, इथून इथपर्यंत.

सगळं गोड नव्हतं. शेजारच्या कॉटवरचे काका आठ वाजले की तोंडावर चादर घ्यायचे. "मला नको तो कार्यक्रम," म्हणायचे, आणि तो त्यांचा हक्कच आहे. रविवारी एक सिस्टर यायच्या, त्या "कुछ पूछना है बाबा?" हे वाक्य पुढच्या कॉटकडे चालता चालता म्हणायच्या. प्रायव्हेट नंबर नसलेलं "हो साहेब", दुसरं काय.

इनचार्ज सिस्टर एकदा लिफ्टची वाट बघताना भेटल्या. मी विचारलं, हे तुमच्याकडे आधीपासून आहे का? नाही म्हणाल्या. सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध आमच्याच मुलींचा. एका कॉटला दोन-तीन मिनिटं धरली तरी आठ-दहा कॉट, म्हणजे गाडी चुकली. "आणि दुसरं म्हणजे, काउंटरवर आम्ही काहीही बोलायचो हो. तो पेशंट किरकिऱ्या आहे, त्याची सून भांडते. आता त्याच्या तोंडावर काय बोलणार?" मग थोडं थांबून, "तेव्हा कळलं, त्यातलं निम्मं सांगायची गरजच नव्हती."

उरलेल्या निम्म्याचं काय? हा प्रश्न अवघडच. आपल्या वॉर्डात दोन कॉटमध्ये एक पडदा आणि प्रत्येक कॉटला दोन नातेवाईक, त्यातला एक कायम फोनवर. ठाण्यात आमच्या समोरच्या कॉटवरच्या माणसाचं दारूचं प्रकरण सगळ्या वॉर्डाला तोंडपाठ होतं, आणि ते तर काउंटरवरून ऐकू आलेलं. कुणाला एचआयव्ही असेल तर ते असं बोलून दाखवणं नुसतं वाईटच नाही, २०१७ च्या कायद्याने त्याला मनाई आहे. इनचार्ज म्हणाल्या, तसलं काही असलं तर आम्ही आधी काउंटरवर हळू सांगून घेतो, फाईलवर बोट ठेवतो, बाकीचं कॉटपाशी. आणि नातेवाईक असतील तर पेशंटला विचारतो, यांच्यासमोर बोलू का?

पेशंटला विचारतो. मला हे ऐकताना काही खटकलं नाही. उलट मी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी भावाच्या फोनवर बायॉप्सीचा रिपोर्ट आला.

आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे राहिलो. भाऊ म्हणाला, लगेच नको. मी म्हणाले, इतक्यात तरी नको. त्यांचं वय, त्यांची शुगर, आई जाऊन बारावा महिना. कारणं पटापट जमली. इतकी पटापट की ती आधीपासून तयार असावीत. बायॉप्सीच्या संमतिपत्रावर सही अण्णांची होती, चष्मा लावून, चारही ओळी वाचून केलेली. ते त्या वेळी आम्हाला आठवलं नाही. किंवा आठवलं, पण कुणी बोललं नाही.

वर जाऊन मी इनचार्जना गाठलं. "सिस्टर, उद्याच्या ओव्हरला अण्णांसमोर रिपोर्टचं काही काढू नका."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, आम्ही आपण होऊन नाही काढणार. ते डॉक्टरांनी सांगायचं. पण त्यांनी विचारलं तर खोटं नाही बोलणार."

मला राग आला. खरंच आला. रात्रभर मी त्या खुर्चीत बसून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. तुमच्या पद्धती तुमच्याजवळ, आमच्या घरात असं चालत नाही, आमचे वडील आम्हाला माहीत आहेत. पहाटे कधीतरी ठाण्याच्या वॉर्डातलं माझंच वाक्य ऐकू आलं. घ्या ना हो अण्णा, त्यांच्याकडे लिहिलेलं असतं सगळं.

आठ वाजता दोघी आल्या. अण्णा चष्मा लावून, डायरी छातीवर ठेवून तयार. सांगलीच्या सिस्टरनी सुरू केलं. ताप नाही. शुगर एकशे बेचाळीस. रात्री दोनदा खोकल्याची उबळ, वाफ दिली. सुई आज बदलायची. नाश्त्याला सगळं चालेल. पाठ बघून झाली, पट्टा वाचून झाला, बेल हातापाशी आली.

अण्णा डायरीचं मागचं पान बघत होते.

"काल यात 'रिपोर्ट यायचाय' असं होतं. परवाही होतं," ते म्हणाले. "आज ते वाक्य कुठे गेलं?"

नव्या सिस्टरनी जुन्या सिस्टरकडे बघितलं. शेजारच्या काकांची चादरसुद्धा हलायची थांबली.

"बाबा, तुम्हाला अजून काही सांगायचंय का?" सांगलीच्या सिस्टरनी विचारलं. आवाज त्यांनी अगदी खाली आणला होता.

"मला नाही." अण्णांनी डायरी मिटली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिच्याकडचा चार्ज अजून यायचाय."

सिस्टरनी पेन खिशाला लावलं. जाता जाता पडदा ओढून घेतला, आणि पायाशी असलेली खुर्ची उचलून त्यांच्या उशाशी आणून ठेवली.